काकूंचा नंबर

आमच्या घरमालक काकांना फोन लावला की ते उचलायचे, पलीकडचं एक अक्षर ऐकायचे आणि कापायचे. मग स्वतः लावायचे. सख्खा मेव्हणा असो, ग्रामपंचायतीतला कारकून असो, नाहीतर पाणी का येत नाही म्हणून वरच्या खोलीतून विचारणारा मी असो, रीत एकच. माझा मोबाइल वाजायचा, मी उचलायचो, आणि काकांचा आवाज फोनमधून आणि जिन्यातून असा दोन्हीकडून यायचा. "हां लातूर. आता बोल."

लातूर म्हणजे मी. काकांना नावं लक्षात राहत नसत असं नाही, पण भाडेकरूंना ते जिल्ह्यानेच हाक मारायचे. माझ्या शेजारच्या खोलीत जळगाव राहायचा, खालच्या अंगाला बीड. पुढे बीडचाच आणखी एक जण आला, तेव्हा काकांनी त्याला तालुक्यावर उतरवलं आणि तो केज झाला. त्या बिचाऱ्याला ते चांगलंच लागलं होतं. आम्ही सगळे चाकणच्या कंपन्यांमधले, घरं लांब, लग्नं व्हायची. काका मात्र मूळचे त्याच गावचे. ज्यांच्या वावरात आमच्या कंपन्या उभ्या आहेत, त्यांच्यातले.

फोनच्या या रीतीमागे त्यांचं एक वाक्य होतं. "आवाजावर हात घालायचा न्हाई." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती तिकडची म्हण वाटली. मग एकदा चहाचा कप पुढे करताना त्यांचा उजवा हात नीट पाहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

जमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली, त्यात काका मेंटेनन्सला लागले. ज्या शॉपमध्ये ते पत्रा दाबणारे प्रेस दुरुस्त करायचे, ते शॉप त्यांच्याच कांद्याच्या वावरात होतं, आणि जिथे विहीर होती तिथे कॅन्टीन. याचं दुःख त्यांनी कधी केलं नाही. उलट नव्या साहेबाला ते बांध कुठून कुठे जायचा ते हात करून दाखवायचे. तर एकदा एक प्रेस अडकला. काका मशीनपाशी, मेन स्विच शॉपच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून त्यांच्या दोस्ताने इंटरकॉमवर सांगितलं, मेन बंद केलाय, घाल हात. काकांनी घातला.

"तो खोटं न्हवता बोलला," काका सांगायचे. "आवाज बी त्याचाच, मानूस बी इमानी. मेन बंद बी केलंता त्यानं. फकस्त दुसऱ्या प्रेसचा."

एवढं सांगून ते हसायचे. ऐकणाऱ्याला हसावं की नाही कळायचं नाही.

त्यानंतर कंपनीत कुलपाची पद्धत आली. जो मशीनमध्ये हात घालणार, त्याने मेन स्वतः बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि वर लाल पट्टी लटकवायची: काम चालू आहे, हात लावू नये. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. साहेब आला तरी साहेबाने नाही. बाकीच्या कामगारांनी ही पद्धत कंपनीच्या गेटपर्यंत पाळली. काकांनी ती माळ घातल्यासारखी घातली. रिटायर होऊन घरी येताना ते आपली कुलपं आणि पट्ट्यांचा एक जुडगा घेऊन आले. पाण्याच्या मोटरला कुलूप, मीटरच्या पेटीला कुलूप. घरातला बल्ब बदलायचा तरी अख्ख्या इमारतीचा मेन बंद, लाल पट्टी, आणि आम्ही सगळे अंधारात.

काकू हे सगळं मजेत घ्यायच्या. एकदा त्या तापाने झोपून होत्या, तर मला म्हणाल्या, "लातूरकर, त्यांच्याकडनं एक पट्टी आनून बांधा मला. काम चालू हाय म्हनून. न्हाईतर दर घडीला येऊन इचारत्यात, बरं वाटतंय का."

त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंना लिहिता-वाचता यायचं नाही आणि फोनवर बोलायचा त्यांना कंटाळा. त्यामुळे दोघांचं फोनवरचं बोलणं म्हणजे मिस कॉल. काका कंपनीतून निघाले की काकूंच्या फोनवर दोन रिंग द्यायचे आणि कापायचे. त्याचा अर्थ, निघालो, भाकरी टाक. काका दारात चपला काढेपर्यंत भाकरी तव्यावरून उतरलेली असायची. रिटायर झाल्यावर कंपनीच्या भिंतीमागे उरलेल्या तुकड्यात ते भाजी लावायला लागले, आणि दुपारी तिथून निघताना तेच. दोन रिंग.

काकू गेल्यावरही ते थांबलं नाही. काकूंचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, चार्जिंगला लावलेला. माझी सेकंड शिफ्ट असली की मी दुपारी खोलीवरच असायचो. खाली दाराला कडी, आत कोणी नाही, आणि त्या रिकाम्या घरात फोन वाजायचा. दोन रिंग. थोड्या वेळाने काका यायचे, कडी काढायचे, आत जाऊन स्वतः भाकरी थापायचे. आठ बोटांची भाकरी, एका बाजूला जाड. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, कशासाठी?" तर म्हणाले, "अरं, सांगून आल्यालं बरं असतं."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. पण सवयीने माणूस कशालाही सरावतो, मीही सरावलो. रिचार्ज संपत आल्याचा मेसेज काकूंच्या फोनवर आला की काका तो माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि चाकणला दुकानात जाऊन रिचार्ज मारून यायचे. तो नंबर चालू राहिला पाहिजे, एवढीच त्यांची या जगाकडे मागणी उरली होती.

मग तो शुक्रवार आला. मी डिस्पॅचला आहे. दुपारी समोरचा कॉम्प्युटर एकदम निळा पडला, मग शेजारचा, मग गेटवरचा. आधी वाटलं आमचंच काहीतरी. मग कळलं, विमानतळांपासून बँकांपर्यंत जगभर हेच झालंय, कॉम्प्युटरच्या कुठल्याशा एका अपडेटच्या भानगडीत. गेटपास निघेना, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. मॅनेजर म्हणाले, हाताने चलन लिहा. चलनाचं पुस्तक कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काका पायरीवर बसून लसूण सोलत होते.

"एकाच मेनवर सगळं जग?" म्हणाले. "आन् त्याला कुलूप न्हाई?"

"तसंच काहीतरी."

"मंग आता चोर येत्याल बघ. मशीन बंद पडलं की आदी फिटर येत न्हाई. आदी भंगारवाला येतो."

रविवारी सकाळी मला फोन आला. माणूस अगदी अदबीने बोलत होता. कंपनीच्या आयटीतून बोलतोय, तुमचा लॅपटॉप पुन्हा निळा पडू नये म्हणून एक फाईल टाकायची आहे, लिंक पाठवली आहे, तेवढी दाबा. माझं नाव त्याला माहीत होतं, डिपार्टमेंट माहीत होतं, शुक्रवारी आमच्या गेटवर ट्रक अडकले होते हेही माहीत होतं. मी लॅपटॉप उघडला. तेवढ्यात काका टाकीचं झाकण बघायला वर आले होते, ते दारात उभे राहून ऐकत होते. आत आले, काही न विचारता लॅपटॉप मिटला, काखेत मारला आणि खाली घेऊन गेले.

मी मागे धावलो. तोवर लॅपटॉप त्यांच्या लोखंडी पेटीत गेला होता, पेटीला कुलूप लागलं होतं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात होती.

"काका, अहो ऑफिसचा फोन आहे."

"आसंल की. मी कुठं न्हाई म्हनतोय? तू कंपनीत रोज ज्याला भेटतो, त्याचा नंबर हाय का तुज्याकडं?"

"आहे."

"मंग त्याला लाव. तू लाव."

मी चिडलो होतो, पण लावला. आमच्या आयटीचा मुलगा शुक्रवारपासून घरी गेला नव्हता. तो म्हणाला, आम्ही कोणालाही फोन करत नाही आहोत, आणि तुमच्या डिपार्टमेंटमधल्या दोघांची ती लिंक दाबून झाली आहे. काकांनी ते माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. शाबासकीची वाट न बघता ते लसणाकडे गेले. लॅपटॉप मात्र जेवणानंतरच दिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमची मीटिंग सुरू केली. शिफ्ट सुरू होण्याआधी कामगारांना गोल उभं करून सांगतात ना, आज हे काम, हा धोका, हेल्मेट घाला, तशी. अंगणातल्या नळापाशी, कंपनीची बस यायच्या आत. कोणाच्या तोंडात ब्रश, कोणाच्या खांद्यावर टॉवेल.

"काल कुनाला काय आलं?" काका विचारायचे.

बीड सांगायचा, आज रात्री लाईट कापणार म्हणून मेसेज आलाय. जळगाव सांगायचा, सिस्टीम बंद पडल्यामुळे बँकेचं खातं पुन्हा जोडायला सांगतायत. केज म्हणायचा, त्याला एका मुलीने हाय पाठवलंय, यात धोका आहे का? यावर सगळे हसायचे आणि काका गंभीरपणे म्हणायचे, "तुला हाय कोन पाठवंल? खोटंच हाय." निर्णय ते एका फटक्यात द्यायचे. घाई करतोय का? मग कापा. भीती घालतोय का? मग कापा. आणि मग ज्याचा तो म्हणून सांगतोय, त्याला स्वतःहून लावा. काकू गेल्यापासून मी त्यांना इतकं टवटवीत पाहिलं नव्हतं. कोणीतरी रोज सकाळी त्यांची वाट बघत उभं राहत होतं, मग भले तोंडात ब्रश धरून का होईना.

आणि एक दिवस काकूंचा फोन वाजला. दोन रिंगांवर थांबला नाही.

मी वरून ऐकत होतो. काका घरात होते. त्या फोनवर कोणी फोन करत नसे, म्हणून की काय, त्यांनी तो उचलला आणि कापला नाही. बऱ्याच वेळाने ते वर आले. घाम आला होता. खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "लातूर, खरं आसंल का रं?"

पलीकडच्याने आधी काकूंचं नाव घेतलं होतं. नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशी बोलायचंय म्हणाला. काकांनी सांगितलं, ती वारली. तर तो म्हणाला, मोठा बिघाड झाल्यामुळे सगळ्यांची नोंदणी पुन्हा चालू आहे, संध्याकाळपर्यंत झाली नाही तर हा नंबर कायमचा बंद होईल. तुमचा आधार नंबर सांगा, मी चालू ठेवतो.

"सांगितलात?"

"तिचं जन्मसाल सांगितलं. माज्या आधारचं चार आकडं सांगितलं. मंग ह्यो हात दिसला, म्हून फोन ठिवला." ते आपल्या त्या हाताकडे बघत होते. "मला कळत हुतं रं. घाई करतोय, भ्या घालतोय, सगळं कळत हुतं. तरी सांगत हुतो."

खोटंच आहे, मी म्हणालो. दुकानदाराला विचारलं, तोही म्हणाला, असलं काही नसतं. संध्याकाळ उलटली, नंबर चालूच राहिला. पण काकांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी काकूंचा फोन लोखंडी पेटीत ठेवला, बाजूच्या भोकातून चार्जरची वायर आत घेतली, कुलूप लावलं आणि वर लाल पट्टी बांधली. काम चालू आहे. हात लावू नये. चोरांसाठी नव्हे ते कुलूप. ते त्यांनी स्वतःसाठीच लावलं होतं.

दुपारच्या दोन रिंगा आता पेटीतून यायच्या. दबलेल्या, पण यायच्या. तेवढ्यावर काका समाधानी होते. मशीन जिवंत आहे की नाही ते बघायची त्यांची तीच कसोटी होती, आणि ती रोज पास होत होती.

रिचार्जचे मेसेज त्याच पेटीत येऊन पडत होते, आणि ते वाचायचं ना त्यांना सुचलं, ना मला. महिने गेले. मग एका दुपारी खाली काही वाजलं नाही. काका आले ते फोन कानाला लावूनच. मला ऐकवला. एक बाई थंडपणे सांगत होती की आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

"काका, पेटी उघडा. रिचार्ज संपला असेल."

"अस्तित्वात न्हाई म्हंती. कोन म्हनतं? आवाजच हाय तो."

"अहो, ही फोन कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई आहे."

"सिस्टीम बंद पडली आसंल. मागं जगाची न्हवती का पडली? आली की परत. अशाच टायमाला चोर बसल्यालं असत्यात, लातूर. मानूस घाबरला की झालं. आपुन गप ऱ्हायचं."

मी त्यांच्याशी चक्क भांडलो. अहो, तुमच्याच नियमाने चला, दुकानात जाऊन विचारा, म्हणालो. ते ऐकेनात. रोज दुपारी त्या बाईचं पूर्ण ऐकायचे, मान हलवायचे आणि उद्या बघू म्हणायचे. हा हट्ट नव्हता, हे मला उशिरा समजलं. ते घाबरले होते. पेटी उघडली आणि ती बाई खरी निघाली तर काय, म्हणून ते उघडत नव्हते. जन्मभर खोट्या आवाजांना ओळखणारा माणूस एका खऱ्या आवाजाला खोटं ठरवून दिवस काढत होता.

शेवटी उघडली. फोनवर मेसेजांची ही रांग. दुकानदाराने बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, नंबर फोन कंपनीकडे परत गेला, आता त्यांच्या मोठ्या ऑफिसात जाऊन बघा. मी रजा टाकली आणि काकांना चिंचवडला घेऊन गेलो. काचेपलीकडची मुलगी चांगली होती, तिने मनापासून शोधलं.

"नंबर कोणाच्या नावावर होता?"

"मंडळींच्या," काका म्हणाले.

"मग त्यांनाच घेऊन या ना काका. त्यांच्याशिवाय होणार नाही."

काका हो म्हणाले. उठून बाहेर आले. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. मोशी आल्यावर फक्त एवढंच म्हणाले, की पोरगी नियमानं बोलली.

मला वाटलं आता तरी थांबतील. नाही थांबले. भाजीच्या तुकड्यातून निघताना त्या थंड बाईला फोन करून येतच राहिले. नळावरची मीटिंगही हळूहळू बंद पडली. जळगाव लग्न करून सांगवीला राहायला गेला, बीडची कंपनी बदलली. केज तेवढा उरला होता, त्याच्याशी एकट्याशी मीटिंग कशी घेणार.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी फाटकाशी मोटरसायकल पुसत होतो. काका वळणावरून येताना दिसले, फोन कानाला, आणि मधेच थबकले. चेहरा असा झाला की मला वाटलं चक्कर येतेय. जवळ गेलो तर फोनमधली रिंग मलाही ऐकू आली. दोन झाल्या. काका कापायचं विसरले. तिसरी झाली, आणि कोणीतरी उचलला.

"हॅलो, कोण बोलायलंय?"

कोवळा आवाज, आणि बोली आमच्याकडची, लातूर-नांदेडची. आली असेल एखादी पोर इथल्याच कुठल्या कंपनीत कामाला. काका आपलं नाव कधीच कोणाला फोनवर सांगत नसत. त्यांनी सांगितलं. वडिलांच्या नावासकट पूर्ण सांगितलं. गाव सांगितलं, घर कुठल्या वळणावर आहे ते सांगितलं, काकूंचं नाव सांगितलं. म्हणाले, "ह्यो तिचा नंबर हाय. मी निघालो म्हनून सांगत हुतो."



"काका, म्या हे सिम कालच घेतलंय," ती म्हणाली. समजूतदार पोर होती, आवाज चढवला नाही तिने. "तुमचा नंबर चुकला असंल. अन् एक सांगू का? असं अनोळखी माणसाला फोनवर नाव-गाव, घर, सगळं सांगू नका बरं. आजकाल लई फसवायलेत लोक."

"व्हय," काका म्हणाले. "न्हाई सांगनार."

तिने फोन ठेवला. काकांनी कानाचा काढला नाही. मी त्यांचा दंड धरून पायरीवर बसवलं, पाणी आणलं. ते प्याले.

"पोरगी हुशार हाय," म्हणाले. "कुनाची कोन, पन बरं सांगितलं तिनं." मग फोन माझ्याकडे दिला. "एवढा नंबर काढून टाक माज्यातनं. मला सवय हाय, उद्या परत लागंल. तिला उगं तरास."

मी काढला. त्यांना दाखवला, खरंच गेलाय म्हणून. त्यांनी फोन खिशात घातला, कडीला हात लावला, आणि दार न उघडता तसेच माझ्याकडे वळले.

"आता निघताना कुनाला सांगू रं, लातूर?"